चोरीच्या आधी सापडलेला चोर

"आये, मी उद्यापासनं शाळंत जाणार न्हाई," दुसरीतल्या पारूनं सांगितलं आणि दप्तर कोपऱ्यात टाकलं. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की सगळी मुलं आधी तिचंच दप्तर उपसत. तिला ती 'धोंड्या' म्हणत.

धोंड्या हा शाळेतल्या कार्टूनमधला चोर. काळाकुट्ट, जाड भुवयांचा, डोक्याला मुंडासं. 'गुणी बाळ' नावाचं ते कार्टून संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनी हौसेनं बनवून घेतलं होतं आणि दर शनिवारी ते पोरांना दाखवायचं, असा त्यांचा हुकूम होता. त्यातलं गुणी बाळ गोरंपान होतं आणि पुस्तकासारखं बोलायचं; धोंड्या मात्र गावाकडच्या बोलीत बोलायचा. पारू रंगानं आपल्या काळ्यासावळ्या आईवर गेली होती.

पारूची आई मथुरा बाजारात बांगड्या विकायची. ती थेट तात्यासाहेबांच्या कचेरीत गेली.

"तुमचं कार्टून बंद करा. त्यानं माझ्या पोरीला चोर केलं."

तात्यासाहेब हट्टी गृहस्थ. ते म्हणाले, "काळा माणूस वाईट, असा एक शब्द त्यात आहे का? असेल तर दाखव."

"शब्द न्हाई."

"मग कशाच्या जोरावर बोलतेस?"

"शब्दाबिगर दाखवती. पर ज्यांनी ते बघितलं न्हाई, अशी पोरं बोलवा."

"बोलावतो. पण तू त्यांना काही शिकवायचं नाहीस. आणि जमलं नाही, तर भर सभेत माझी माफी मागायची."

मथुरा कबूल झाली.

ठरल्या दिवशी शेजारच्या वाडीवरची मुलं शाळेच्या हॉलमध्ये येऊन बसली. मुख्याध्यापकांनी खिडक्या लावून घेतल्या. तात्यासाहेब मागे खुर्चीत बसले.

"सर, आवाज बंद ठेवा," मथुरा म्हणाली.

पडद्यावर बाजार आला. एक दुकानदार, गुणी बाळ आणि धोंड्या. अजून कुणी कशाला हातही लावला नव्हता. मथुरानं चित्र थांबवायला सांगितलं.

"पोरांनो, ह्यातला एकजण चोरी करणार हाय. कोण?"

सगळी बोटं धोंड्याकडे गेली.

"कशावरनं?"

"काळाय की त्यो," पुढचा मुलगा म्हणाला.

तात्यासाहेब खुर्चीत जरा हलले. "चेहरा पाहून पोरं अंदाज करतात. त्यात काय एवढं?"

"बरं. सर, आता चित्र बंद करा, निस्ता आवाज लावा."

हॉलमध्ये अंधार झाला. आवाज आला, "पाव्हणं, ह्यो रस्ता कुठं जातुया?"

"कोण बोललं?" मथुरानं विचारलं.

"चोर!" मुलं एकसुरात ओरडली. एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "पर आमचं आजोबाबी असंच बोलत्यात."

तात्यासाहेबांना राहवेना. सभेत ते जपून, शुद्ध बोलायचे. पण राग आला की त्यांची जीभ थेट गावाकडे धाव घ्यायची.

"आरं, ह्यात कसली चोरी?" ते अंधारातून गरजले. "बिचारा निस्ता रस्ता इचारतुया न्हवं!"

"चोर पुन्हा बोलला!" मुलं टाळ्या पिटत ओरडली.

मुख्याध्यापकांनी घाईघाईनं दिवा लावला. तात्यासाहेब उभेच होते, तोंड उघडं. कुणाला हसायचा धीर होईना.

मथुरा शांतपणे म्हणाली, "तात्यासाहेब, तुमी निस्तं तोंड उघडलं आन् चोर ठरला. माझी पोर तर तोंडबी उघडत न्हाई."

तात्यासाहेबांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

"हरलो बाई," ते डोळे पुसत म्हणाले. "हे कार्टून आजपासून बंद. नवीन करू. त्यातल्या गुणी बाळाचा आवाज तुझ्या पारूचा, तिच्याच बोलीत. आणि ते शाळेत लावण्याआधी तू बघायचंस. त्याचा पगार संस्था देईल. फक्त एक सांग, नव्या कार्टूनमधला चोर दाखवायचा कसा?"

मथुरानं पदर सावरला.

"चोरी करताना दाखवा," ती म्हणाली. "त्याच्या आधी कुणाला वळखू येता कामा न्हाई."