टिटवीने हाक दिली नाही

एका तळ्याकाठी एक टिटवी राहत असे. तळ्याच्या अल्याड गव्यांचा कळप, पल्याड रानडुकरांचा, आणि दोघांचं हाडवैर. उन्हाळ्यात पाणी आटून मधला काळा खडक उघडा पडला की उरलेलं पाणी सगळ्यांना पिता यावं म्हणून दोघांचा तह होई. खडक पुन्हा बुडाला की तह संपला! दोन्ही वेळा हाक द्यायचा मान टिटवीचा. तिच्या हाकेवाचून लढाई सुरू करायची नाही, अशी पूर्वापार रीत होती. मान मोठा खरा. पण बाळांनो, दर साली पहिल्याच धुमश्चक्रीत काठावरच्या खड्यांत घातलेली तिची अंडी चिरडली जात. "जागा बदल की," सगळे म्हणत. "का म्हणून? मी कुणाचं घोडं मारलंय?" ती फणकारत असे.

यंदा खडक लवकर बुडाला. पिल्लं बाहेर यायला अजून चार दिवस होते. दोन्ही कळप काठावर समोरासमोर उभे ठाकले. "दे हाक!" गव्यांचा म्होरक्या गरजला. टिटवी अंड्यांवर पंख पसरून बसली. "नाही देत, जा! उन्हाळाभर शिंगं आणि सुळे घासत बसता, आणि म्हणे तह! दम खायला घेतलेली सुट्टी ती! लढायचंच असेल तर पहिला पाय माझ्यावर द्या." आणि ती जागची हलली नाही.

आता आली का पंचाईत! रीत मोडायची कुणी? "सुरुवात त्यांनी करावी," गवे म्हणाले. "आम्ही का बोल लावून घ्यावा?" डुकरं गुरगुरली. एक दिवस गेला, दोन गेले. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले. मग गव्यांनी तिथलंच गवत खाल्लं, डुकरांनी तिथलेच कंद उकरले. कुणाच्या तोंडचा घास कुणी पळवलाच नाही! मग इतकी वर्षं भांडत होतो ते कशासाठी, हे कुणालाच सांगता येईना.

पाचव्या दिवशी चार पिल्लं खुरांमधून तुरुतुरु पळाली. म्होरक्याने उचललेला पाय तसाच मागे घेतला. "आता तरी हाक देशील?" त्याने ओशाळून विचारलं.

"देईन की! वाघ आला म्हणजे," टिटवी ताठ मानेने म्हणाली, "आणि ती तुम्हां दोघांना मिळून एकच असेल."

तात्पर्य : पुढच्या लढाईचा मुहूर्त धरून केलेला तह म्हणजे शांतता नव्हे, ती हवी असेल तर लढाईची हाक द्यायला कुणीतरी ठामपणे नाही म्हणावं लागतं.