मधल्या तुकड्याचं गलबत

फार पूर्वी कोकणातल्या एका बंदरावर तातू मेस्त्री लाकडी होड्या घडवायचा. एकदा त्याने जुन्या लढाऊ गलबताचा नमुना करायला घेतला, पण फक्त मधला भाग. आतल्या बरगड्या आणि तोफा नीट दिसायच्या तर नमुना मोठा हवा, आणि मोठं अख्खं गलबत दुकानात मावेना.

फळीवरची शिडाची होडी त्या तुकड्याला हसली. "ना पुढचं टोक, ना मागचं. भोपळ्याची फोड आहेस नुसती. मी बघ, छोटी पण पुरी."

 तुकड्यातल्या तोफा अधीर होऊन कुजबुजत होत्या, "लोक येऊ देत, लोक येऊ देत."

जत्रेच्या दिवशी गाव लोटला. जन्मभर गलबतं हाकलेल्या म्हाताऱ्या हसन तांडेलाने तोफेच्या खिडकीतून आत डोकावलं आणि त्याचे डोळे लकाकले. "सरका, सरका," म्हणत तो ढांगा टाकत दारापर्यंत गेला. "गलबताचं तोंड इथवर आलं असतं. आणि डोलकाठी पार त्या वाशापर्यंत."

लोक भराभर भिंतीला चिकटले. मग तांडेल उलट्या बाजूला निघाला आणि होडीच्या फळीपाशी अडला.

"तातू, ही होडी उचल बघू. गलबताचं मागचं टोक कुठं मावायचं?"

तातूने होडी कोपऱ्यात नेऊन ठेवली. दिवसभर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी तुकड्याच्या मागची-पुढची रिकामी जमीन कुणी तुडवली नाही. सगळे गलबताला वळसा घालूनच गेले.