परटिणीचे अपुरे वाक्य

पूर्वी अंजनपुरात राजा सुतेज राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या सभेतील सर्वांत तरुण मंत्री होता. त्याची बुद्धी इतकी तल्लख, की समोरच्याने दोन शब्द उच्चारताच पुढचे सारे त्याला कळे. निदान त्याला तसे वाटे. महामंत्री यशोवर्मा आणि पुरोहित गार्ग्य यांना चाळीस वर्षांच्या अनुभवामुळे त्या दोन शब्दांचीही गरज वाटत नसे.

नगराबाहेर एक मोठे तळे होते. त्याच्या मातीच्या बांधाखालून थोडे पाणी पाझरे आणि त्या पाझरावर निंबा नावाची परटीण कपडे धुई. वर्षानुवर्षे तिथे काचेसारखे नितळ पाणी येत असे. एके दिवशी ते गढूळ आले. दुसऱ्या दिवशी आणखी गढूळ. बांध आतून पोखरला जात आहे आणि त्याची माती पाण्याबरोबर वाहून चालली आहे, हे निंबाने ओळखले. बांधाखाली साठ घरे होती. त्यांतले एक तिचे होते. ती राजसभेत गेली.

तिने सुरुवात केली, की पाझरावर धुतलेले पांढरे कपडे मळकट निघतात. तेवढ्यात महामंत्र्यांनी राजाला सांगितले, की राजवस्त्रांवर डाग पडला म्हणून ही बिचारी भेदरली आहे. राजाने उदारपणे क्षमा केली. सभेने राजाची स्तुती केली आणि द्वारपालाने तिला बाहेर पोहोचवले.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, की बांधाखाली पाय चिखलात रुततो. पुरोहितांनी डोळे मिटले, पायाला अपशकुन झाल्याचे निदान केले आणि तिच्या मनगटात मंतरलेला दोरा बांधला.

तिसऱ्या दिवशी तिने घाईघाईने सांगितले, की माझे गाढव तिथले पाणी पीत नाही. या वेळी बोधिसत्त्वाने तिला अडवले. गाढव म्हातारे झाले असणार, असे म्हणून त्याने तिला राजाच्या पागेतून एक तरणे गाढव देवविले. त्याच्या चतुराईवर खूश होऊन राजाने बोटातली अंगठी काढून त्याला दिली.

अंगठी उन्हात कशी चमकते ते पाहायला बोधिसत्त्व पायऱ्यांवर आला. खाली निंबा ते गाढव सभागृहाच्या खांबाला बांधून ठेवत होती. द्वारपाल हसून तिला म्हणाला, "बाई, नशीब काढलंस. उद्या आलीस तर हत्ती मिळेल."

"दादा," निंबा म्हणाली, "क्षमा मिळाली, दोरा मिळाला, गाढव मिळालं. पण जे सांगायला आले होते, ते अजून माझ्याजवळच आहे."

बोधिसत्त्वाचे कान तापले. त्याने अंगठी काढून मुठीत धरली, पायऱ्या उतरला आणि हात जोडून तिला परत आत घेऊन गेला.

म्हातारे मंत्री कुरकुरू लागले. हिला किती द्यायचे याला काही सीमा आहे की नाही, असे महामंत्री म्हणू लागले. सभा उठताना विडे वाटले जात, त्यांचे तबक बोधिसत्त्वाने आधीच उचलले. राजासमोर विडा तोंडात असताना बोलणे हा त्या दरबारात मोठा अपराध मानला जाई. तबकातला सर्वांत जाड विडा बोधिसत्त्वाने स्वतः तोंडात घातला. मग एकेक विडा त्याने राजाला, महामंत्र्यांना आणि पुरोहितांना दिला. दरबारात सुपारी चघळण्याखेरीज कसलाही आवाज उरला नाही.

निंबाने पुन्हा कपड्यांपासून सुरुवात केली. महामंत्र्यांचा हात वर गेला. गाल फुगलेले, म्हणून तो तसाच खाली आला. तिने चिखलाचे सांगितले. पुरोहितांच्या पांढऱ्या दाढीवरून लाल ओघळ उतरला, पण शब्द आला नाही. तिने गाढवाचे सांगितले आणि सवयीने थांबली, कारण आता कोणीतरी तिचे वाक्य पुरे करणार होते.

कोणीच केले नाही. बोधिसत्त्व तिच्याकडे पाहत शांत बसून राहिला. तिने या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्याकडे पाहिले. मग तिच्या लक्षात आले, की हे वाक्य आता तिलाच पुरे करायचे आहे.

"पाझर चार दिवसांपासून गढूळ येतो, महाराज. बांध आतून पोकळ होतोय."

राजा विडा गिळूनच उठला. संध्याकाळपर्यंत तळ्याचा सांडवा फोडून पाणी मोकळ्या माळावर काढून दिले गेले आणि साठ घरांतली माणसे मातीच्या टोपल्या घेऊन बांधावर उभी राहिली. बांध तगला. आठव्या दिवशी पाझर पुन्हा नितळ झाला.

बोधिसत्त्वाने अंगठी राजाला परत केली. राजाने निंबाला विचारले, तुला काय हवे? आणि काही न सुचवता तो थांबला. निंबाने निवांत विचार केला.

"ते गाढव ठेवून घेते," ती म्हणाली. "एवढ्या दरबारात तेवढं एक माझं बोलणं मध्ये तोडत नव्हतं."

ही कथा भिक्षुसंघाला सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, ते महामंत्री आणि पुरोहित म्हणजे या संघातलेच दोन ज्येष्ठ. काल त्यांनी एका तरुण भिक्षुणीचा प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर दिले. ती परटीण म्हणजे तीच भिक्षुणी. तो तरुण मंत्री मी होतो, आणि न मागता गाढव देणाराही मीच."

दोघांपैकी एका ज्येष्ठांनी खुलासा करण्यासाठी तोंड उघडले आणि हळूच मिटले. मग त्या भिक्षुणीचा प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत सर्वांनी ऐकला. तो त्यांना वाटला होता त्याहून अगदी वेगळा होता.

दुसऱ्याचे बोलणे त्याचे त्याला पुरे करू देणे, हीदेखील क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता होय.