दुसरी भाकरी

“…मग ज्यानं भूक जिंकली, त्याच्या हाती कोठीची किल्ली का नको, बाबा?”

विद्याधरचा आवाज चढला होता. केरोबाबा सुपारी कातरत राहिले.

गडावर पायी निघालेले यात्रेकरू आमच्या मठात जेवून पुढे जात. बाबा थकले होते. कोठी कुणाकडे तरी सोपवायचीच होती, आणि पंगत वाढणाऱ्या विद्याधरनं तर आधीच नियम करून टाकला होता. माणशी एक भाकरी. जास्तीची भूक हे मनाचे चोचले.

कालच एका म्हाताऱ्यानं दुसरी मागितली, तर त्याला हात जोडून वाटेला लावलं होतं. बाबांनी ते पाहिलं होतं.

“दिवसभर काहीच खात नाहीस?”

“संध्याकाळी एकदाच. अर्धी भाकरी.”

ते खरं होतं. न खाणारी माणसं मला पहिल्यापासून खटकतात, म्हणून मी पाळत ठेवली होती. कोठीमागे डोकावलो. गुळाची ढेपही तपासली. काही सापडलं नाही. उलट माझीच मला लाज वाटली… पण संशय काही गेला नाही.

“आणि मधे?”

“मधे काय? काही नाही.”

“तुझ्या हातात काय आहे?”

विद्याधरनं हातातल्या पेल्याकडे पाहिलं. कोरा, काळाकुट्ट चहा. यात्रेकरूंची टोळी आली की किटली चढायची, त्याचा पेलाही भरायचा, आणि टोळ्या तर सकाळपासून येतच असत.

“चहा म्हणजे काय खाणं झालं, बाबा? उपासालाही चालतो.”

बाबांनी पेल्यावर तळहात ठेवला.

“उद्या हा नको. पाणी पी हवं तेवढं. दुपारी किल्ली देतो.”

विद्याधर हसला. एवढंच ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ध्यानाला बसला. थोड्या वेळानं कपाळ दाबू लागला. मग घंटा वाजवणाऱ्यावर खेकसला. चुलीवर पहिली भाकरी फुगली तेव्हा त्याचे डोळे उघडेच होते.

दुपारी पंगतीत सगळ्यांच्या आधी तोच येऊन बसला. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

एकेक भाकरी वाढली गेली. विद्याधरची केव्हा संपली, कळलंही नाही. त्यानं पत्रावळीवरचं पिठलं बोटानं पुसून खाल्लं. शेजारचे यात्रेकरूही हात वाळवत बसले होते. नियम सगळ्यांना माहीत होता.

बाबा भाकऱ्यांची टोपली घेऊन आले आणि त्याच्यासमोर थांबले. कमरेची किल्ली सोडून त्यांनी ती पत्रावळीशेजारी ठेवली.

“घे. आजपासून कोठी तुझी.”

विद्याधरनं किल्लीकडे पाहिलंच नाही. त्याची नजर टोपलीत अडकली होती.

“बाबा,” तो अगदी हळू म्हणाला, “अजून एक भाकरी मिळेल?”

“मला काय विचारतोस? कोठीवाल्याला विचार.”