व्याह्याची टोपली

एका डोंगरपायथ्याच्या बाजारात एक शिक्केवाला होता. पंचांनी त्याला एकच काम नेमून दिले होते. विकायला आलेले प्रत्येक अंडे पाण्याच्या घंगाळात सोडायचे. बुडाले तर ताजे, त्यावर हिरवा शिक्का. तरंगले तर उकिरड्यावर.

शिक्केवाला मोठा संशयी. कुणी हसले तरी त्याला शंका येई, कुणी गप्प राहिले तरी येई.

एकदा डोंगरावरून एक परकी बाई आली. तिच्या अंड्यांना माती चिकटलेली होती.

"धुऊन का नाही आणलीस?"

"धुतलं की अंडं लवकर नासतं, दादा."

"वा! आळसालाही शास्त्र सापडलं!"

त्याने तिचे एकेक अंडे दोनदा पाण्यात घातले. सगळी तळाला गेली. तरी शिक्के मारताना तो पुटपुटला, "काहीतरी गोम आहे खरी."

इतक्यात त्याचा व्याही टोपली घेऊन आला. अंडी कशी शंखासारखी चकचकीत!

"ओढ्यावर घासून आणलीत," व्याही हसला. "घालताय ना पाण्यात?"

"काहीतरीच काय! तुमचा माल तपासला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील." त्याने धडाधड शिक्के मारले. व्याह्याने चार अंडी लेकीसाठी म्हणून त्याच्याच हाती दिली. ती लेक म्हणजे शिक्केवाल्याची सून. तिला सातवा महिना होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने दोन अंडी खाल्ली. दुपारपर्यंत ती उलट्यांनी आडवी झाली, अंग तापाने फणफणले.

बायको चुलीपाशी बसून म्हणाली, "वास आला होता हो थोडा. पण वर तुमचा शिक्का. म्हटलं, माझंच नाक बिघडलं असेल."

त्याने उरलेली दोन अंडी पाण्यात सोडली. दोन्ही वर आली.

वैद्याला सुनेपाशी बसवून तो अनवाणीच गावात धावला. दारोदार सांगत सुटला, "कालची चकचकीत अंडी फोडू नका! शिक्का माझा आहे, पण अंडं मी पाहिलेलं नाही."

बहुतेकांनी अंडी मुकाट्याने परत केली. एका दारात तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन एक आई उभी होती. तिने विचारले, "मग शिक्का कशाला मारलात, मामा?"

सून आठवड्याने उठून बसली, पोटातले बाळही वाचले. पुढच्या बाजारी व्याही टोपली घेऊन आला, तेव्हा शिक्केवाल्याने त्याचेही एकेक अंडे दोनदा पाण्यात घातले.

तात्पर्य एवढेच: पारख मालाची करावी, माणसाची नाही. न तपासता मारलेला शिक्का दुसऱ्याच्या नाकावरचाही विश्वास उडवतो.