कोरड्या नळांची यादी

घरोघरी पाणी पोचलं, असा ठराव ग्रामसभेत मंजूर झाला की नळाचं काम कायमचं बंद होणार होतं. नवी सून वृंदा कोरड्या नळांची यादी वाचायला उठली, तोच दौलतराव सरपंचांनी ती हातातून काढून घेतली.

"सूनबाई, कागद कशाला? गप्पा मारल्यासारखं बोला की!"

वृंदाला यादीतलं एकही नाव आठवेना. सासूबाई पदर ओढत होत्या, "बस गं खाली!"

ती बायकांकडे वळली. "ज्यांच्या नळाला पाणी नाही, त्यांनी उभं राहा बरं."

आधी सासूबाईच उठल्या. मग बायकांची अख्खी सतरंजी उभी राहिली.

"सरपंच, माझं बोलून झालं," वृंदा म्हणाली. "आता यांच्याशी तुम्ही मारा गप्पा!"

दौलतरावांनी यादी तिच्या हातात परत दिली. ठराव बारगळला.