परत न केलेली भांडी

"…पण मग हा विमा उतरवतात तरी कशाचा, महाराज? माणसाचा, की खाटेचा?"

मन्मथप्पांनी हे विचारलं तेव्हा चन्नवीर महाराज मठाच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. हात थांबला नाही.

"खाटेचा कसा?"

मन्मथप्पांनी सांगितलं. वडील, गुरुपादप्पा, वय एक्क्याऐंशी. दिवाळी झाली आणि उजवं अंग गेलं. अकरा दिवस दवाखान्यात होते, तिथलं बिल विम्यानं विनातक्रार भरलं. त्याबद्दल बोलायचं काम नाही. पण तोच माणूस, तेच लुळं अंग, दवाखान्याच्या खाटेवरून घरच्या खाटेवर आणलं आणि विम्याचा संबंध संपला. एजंट भला माणूस. चहा पिऊन, चार वेळा माफी मागून सांगून गेला, की आप्पा, घरी सांभाळायचा खर्च पॉलिसीत बसत नाही.

उदगीरच्या बाजारात मन्मथप्पांचं भांड्यांचं दुकान तीन पिढ्यांचं. पातेल्यावर टिचकी मारून पत्रा किती जाड ते सांगणारा हा माणूस. पण वीस वर्षं हप्ते भरले त्या कागदावर त्यांनी कधी टिचकी मारून पाहिली नव्हती.

"बरं. मग?"

मग काय. सांभाळायला बाई ठेवली, ती दहा दिवसांत गेली. दुसरी आली, तिनं पगार असा सांगितला की मन्मथप्पांना वाटलं ही दुकानात भागीदारी मागतेय. वडिलांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. अंग जड. दोन माणसं लागतात. बायको महानंदा, तिची कंबर गेल्या महिन्यात धरली ती धरलीच. शेवटी लातूरला वृद्धांची सोय बघितली. स्वच्छ, नर्स आहेत, सगळं आहे. सोमवारी त्यांची गाडी न्यायला येणार. मात्र तिथला महिन्याचा आकडा असा, की दीड वर्ष कसंबसं निघेल. त्यापुढं दुकान विकावं लागेल.

"गुरुपादप्पा काय म्हणतो?"

मन्मथप्पांची मान खाली गेली.

"परवा त्यांना सांगितलं. भिंतीकडं तोंड केलं… तेव्हापासून अन्न घेत नाहीत. पाणी घेतात, तेवढंच. तुम्ही चला, महाराज. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. पाठवणं बरोबर आहे असं तुम्ही एकदा म्हणालात की जेवतील."

महाराजांनी एक शेंग फोडली. दाणा खराब निघाला. तो बाजूला ठेवला.

"शेजारपाजार काय करतो?"

आता मन्मथप्पांची मान जरा वर झाली. ते म्हणाले, की आपण आजवर कुणाचा चमचासुद्धा घरात ठेवून घेतला नाही. वडिलांचीच शिकवण ती. गुरुपादप्पा लग्नाला गेले तर आधी आहेर द्यायचे आणि मग पानावर बसायचे. एकदा आहेराचं पाकीट घरी विसरलं, तर भर उन्हात तीन मैल उपाशी परत आले होते, आणि ही गोष्ट घरात अजून अभिमानानं सांगतात.

पहिल्या आठवड्यात लोक आले होते, तसं म्हणायला. मागच्या दारची प्रयागबाई वाटीभर पिठलं घेऊन आली. रिकामी वाटी परत धाडू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मन्मथप्पांनी तासाभरात तिची वाटी परत केली. आत साखर नाही, पेढे. आणि वाटीखाली नवीकोरी स्टीलची कढई.

समोर खाजामियाँचं वेल्डिंगचं दुकान. लोखंडी ग्रिल एकट्यानं उचलणारा गडी. सलग चार दिवस येऊन त्यानं म्हाताऱ्याला लेकरासारखं वळवलं, बसवलं, अंग पुसायला धरलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मन्मथप्पांनी त्याच्या घरी पाच लिटरचा कुकर धाडला. बिलासकट, म्हणजे गॅरंटीला अडचण नको.

"मग?"

"मग काय, त्याच्या मागं काम असेल. आला नाही पुन्हा."

"आणि प्रयागबाई?"

"ती पण…"

महाराजांनी शेंगा बाजूला सारल्या.

"भूक लागली. आत चुलीवर आमटी आहे. दोन ताटल्या आण."

मठाचं स्वयंपाकघर म्हणजे कोनाडाच. पण फळीसमोर मन्मथप्पा उभे राहिले आणि तिथंच राहिले. फळीभर भांडी. वाट्या, पातेली, डबे, एक पितळी तांब्या, झाकण हरवलेला एक टिफिन. दुकानदाराची नजर, आधी पत्रा बघितला, मग नावं. प्रत्येकावर नाव वेगळं. सौ. इंदुमती बिराजदार. कलावती गंगाधर. फातिमाबी. काही अक्षरं तर त्यांचीच. ऐन तरुणपणी, नाव टाकायचं मशीन नवीन घेतलं होतं तेव्हा 'श्री'ची वेलांटी ते अशी लांब ओढायचे.

ताटल्या घेऊन बाहेर आले ते जरा रागातच.

"महाराज, लहान तोंडी मोठा घास घेतो. पण लोकांची चाळीस-पन्नास भांडी तुमच्याकडं अडकून पडलीत. परत करायला नकोत? लोक काय म्हणतील?"

"म्हणतात की. रोज येऊन म्हणतात."

महाराजांनी कमरेच्या पिशवीत हात घातला. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, आणि पिशवीतून काय काढलं, तर प्लास्टिकमध्ये बसवलेलं सरकारी दवाखान्याचं कार्ड.

"गेल्या चैत्रात पडलो. मांडीचं हाड मोडलं. ह्या कार्डानं ते बसवून दिलं, खोटं कशाला बोलू. विमा असावा, कार्ड असावं. माणसानं वेड्यासारखं देवावर हवाला ठेवू नये." त्यांनी कार्ड परत पिशवीत ठेवलं. "पुढं चार महिने ह्याच खोलीत आडवा होतो. तेव्हा इंदुमती यायची, वाटी न्यायला."

"मग नेली नाही?"

"येताना दुसऱ्या वाटीत भाजी आणायची. मला कुशीवर वळवायची. जाताना एक वाटी न्यायची, एक विसरायची."

आमटी निवत होती…

"फातिमाबीचा नवरा डबा न्यायला आला, तो दाढी करून देऊन गेला. डबा तिथंच. उगीच कसं आत यावं, असं वाटतं माणसाला. दार वाजवायला काहीतरी लागतं हातात."

मन्मथप्पा म्हणाले, "मी तर त्याच दिवशी सगळं चुकतं केलं."

"हो. बिलासकट."

हे म्हणताना महाराज हसले, आणि त्या हसण्यात टोमणा नव्हता. मन्मथप्पांना त्यांनी पाळण्यात बघितलं होतं, त्यांच्या गळ्यात लिंग यांनीच बांधलं होतं.

मग त्यांनी हात पुढं केला. "उठव मला."

मन्मथप्पांनी काखेत हात घातला. बाप उठताना काठीसारखा ताठ होतो, सगळं अंग आखडून घेतो, म्हणून त्यांनी सवयीनं जोर लावला. पण महाराजांनी अंग अगदी सैल सोडून दिलं होतं. सगळा भार मन्मथप्पांच्या खांद्यावर टाकला, आणि क्षणात उभे राहिले.

मन्मथप्पा चकित झाले. "एवढे हलके कसे, महाराज?"

"वजन काटा लावून बघ. तुझ्या बापापेक्षा पाच किलो जास्तच भरेन."

"बाप आखडतो ना?" महाराजांनी विचारलं.

"फार. मी उचलतो तरी आखडतात. पोटच्या पोराचीसुद्धा लाज वाटते त्यांना."

"त्याच्या देखत तू कधी कुणाकडून काही घेतलंयस?"

मन्मथप्पांनी आठवून पाहिलं. पंचावन्न वर्षांत एक प्रसंग सापडेना. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी उपरण्यानं टिपलं आणि ऊन लागतंय असं म्हणाले. ओट्यावर सावली होती.

"सोमवारच्या गाडीचं काय करू?"

"आधी शेजारच्या माणसाला विचार."

मन्मथप्पांनी फोन काढला. नंबर लावला, कापला, पुन्हा लावला. बाजारात ज्यानं लाखाच्या मालाचे सौदे एका दमात केले, त्याला एक वाक्य बोलायला घाम फुटला.

"खाजाभाई… मन्मथप्पा बोलतोय. मला एकट्याला जमेना झालंय. संध्याकाळी याल का जरा, वडिलांना धरायला?"

पलीकडं वेल्डिंगचा आवाज बंद झाला. मग खाजामियाँ बोलला, बराच वेळ बोलला. मन्मथप्पा फक्त हं, हं करत होते. मग त्यांनीच लातूरची गाडी नको म्हणून आजच कळवतो असं सांगितलं. दुपारपुरती बाई ठेवणं आपल्याला झेपेल, सकाळ-संध्याकाळची सोय झाली तर दुकान राहतं, हेही सांगून टाकलं. एवढं खासगी त्यांनी भावाला कधी सांगितलं नव्हतं. मग मध्येच त्यांनी फोनवर हात ठेवला. चेहरा उजळला होता.

"येतो म्हणतो, महाराज. रोज, दोन्ही वेळ. आणि त्याचंही एक अडलंय. गुरुवारी त्याच्या अम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे लातूरला. ऑपरेशन कार्डावर होतंय, पण म्हातारीला एसटीनं कसं न्यावं, दोन महिने त्याच विचारात आहे. मला विचारायचं होतं त्याला. म्हणतो, तुम्हाला कसं विचारावं ते कळेना…"

"तू काय म्हणालास?"

"आपली गाडी आहे की. मीच घेऊन जातो. डिझेल माझं, तिथलं जेवणखाण माझं, येताना म्हातारीला चष्मा पण मीच—"

महाराजांनी हात वर केला. मन्मथप्पा थांबले. फोनवर खाजामियाँ "आप्पा? आप्पा?" करत होता.

"गाडी तू चालव," महाराज म्हणाले. "डिझेल त्याला भरू दे."